ईस्टलीच्या बाजारातील लुंगी

नैरोबीत इतकी वर्षे राहूनही ईस्टली या सोमाली वस्तीतील कापडबाजारात मी आज पहिल्यांदाच निवांत हिंडले. रंगीत चौकटींची ‘मअविस’, म्हणजे जवळजवळ आपली लुंगीच, सोमाली पुरुषांचा पूर्वापार पोशाख असावा असा माझा समज होता; प्रत्यक्षात जुना पेहराव साध्या पांढऱ्या सुती वस्त्राचा होता आणि ही लुंगी हिंदी महासागरावरील व्यापारातून सोमालियात रुजली. गंमत म्हणजे, १३३१ च्या सुमारास सोमालियातील मोगादिशू या बंदराला गेलेल्या मोरोक्कन प्रवासी इब्न बतूताने तेथील कापड इजिप्तपर्यंत जात असल्याचे नोंदवले आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र अमेरिकी गिरण्यांचे ‘मेरिकानी’ कापड पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येऊ लागले आणि मोगादिशूच्या त्याच विणकरांना परक्या मालाशी झुंजावे लागले. चहाबरोबर समोर आलेल्या पदार्थाचे नाव ‘सांबूस’ होते; तो म्हणजे आपला समोसाच, हे आता वेगळे सांगायला नको.