उरलेली माती कुठे जाणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बरीच वर्षं बंद पडलेली शेड किंवा गोदाम मिळालं आणि तिथे मातीकामाचा स्टुडिओ काढायचा, तर आधी काय घ्यावं, चाक की भट्टी? हा प्रश्न मला नेहमी येतो. माझं म्हणणं, दोन्ही थांबू द्या. आधी बादलीभर पाणी जमिनीवर ओता आणि ते कुठे जातं ते बघा.

भांड्यात न गेलेली माती हातांना, अवजारांना, फडक्यांना, लादीला चिकटते. मग ती पाण्याबरोबर जाते, नाहीतर वाळून हवेत उडते. जागेची सगळी तयारी या दोन वाटांची असते.

पाण्याची वाट सोपी आहे. सिंक थेट गटाराला जोडू नका, गाळ बसून पाइप हमखास तुंबतो. मध्ये एक टाकी ठेवा. माती तळाशी बसते, निवळलेलं पाणी वरच्या तोंडातून पुढे जातं. तो गाळ प्लास्टरच्या लादीवर सुकवून पुन्हा मळता येतो. ग्लेझचा, म्हणजे भांड्यावर चढवायच्या काचेसारख्या लेपाचा, गाळ मात्र वेगळा साठवा.

हवेची वाट जिवाशी खेळणारी आहे, म्हणून इथे मी हट्टी आहे. मातीत आणि ग्लेझमध्ये सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण तासन्‌तास तरंगत राहतात, फुप्फुसात खोल जातात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. म्हणून स्टुडिओत केरसुणी नको. ओल्या फडक्याने रोज पुसायचं, आणि ते नीट व्हावं म्हणून आधी कोब्याच्या भेगा बुजवून तो गुळगुळीत, पाणी न शोषणारा करून घ्यायचा. कोरडं ग्लेझ कालवताना मास्क हवाच, पण मास्क लावला म्हणून फरशी पुसणं टळत नाही. जुन्या छपराचे सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यांना भोक पाडू नका, ते फोडू नका, जाणकाराला दाखवा.

भट्टी लावायची तर जागेचा करार करण्याआधी विजेचा मंजूर भार विचारा. मध्यम आकाराची विजेची भट्टीसुद्धा सहा ते दहा किलोवॅट ओढते. तिला स्वतंत्र लाइन आणि चोख अर्थिंग लागतं. पहिल्या भाजणीत मातीतले सेंद्रिय अंश जळून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तेव्हा धूर थेट बाहेर काढणारा पंखा बसवा. भट्टी चालू असताना त्याच खोलीत काम करत बसू नका.

राहिली ओल. बंद जागेतल्या ओलीला सगळे घाबरतात, पण छत गळत नसेल तर मला ती आवडते. भांडी सावकाश वाळतात. खरा त्रास दारातून येणाऱ्या झोताचा. त्या बाजूचा काठ आधी सुकतो, आधी आकसतो, आणि भांडं वाकडं होतं. कपाच्या कानाचा सांधा तडकतो. म्हणून वाळवणीची फळी दारापासून लांब, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात लावा.