तुम्ही विचारलंत म्हणून : इतक्या ओळींतून नेमकी ओळ कशी सापडते?

"मॅडम, लॉग फाइल उघडली की हजारो ओळी दिसतात. त्यातली नेमकी ओळ तुम्हाला कशी सापडते?" पॉलिटेक्निकमधून माझ्याकडे ट्रेनिंगला येणारी मुलं हे विचारतात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले ऑपरेटर विचारतात, एका मालकांनी तर बिल देताना विचारलं होतं. सोलापुरातल्या छोट्या-मोठ्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम आहे. लॉग म्हणजे सर्व्हरवरचे प्रोग्राम वेळेसकट आपापली लिहीत जातात ती नोंदवही. दरवेळी मी उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते कुणालाच पुरत नाही. आज बसून लिहिते.

ओळीच्या आधी मी वेळ शोधते. "सगळं नीट चाललेलं तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?" हा माझा पहिला प्रश्न. बिघाड सुरू होतो एका वेळी आणि माणसाच्या लक्षात येतो दुसऱ्याच वेळी. कामाची ओळ बहुतेकदा या दोन वेळांच्या मध्ये असते, आणि सगळे मात्र फाइलच्या शेवटाला बघत बसलेले असतात.

मागच्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट सांगते. टॉवेल बनवून परदेशी पाठवणारा एक कारखाना. तिथे पॅकिंगमध्ये प्रत्येक पेटीवर बारकोडचं लेबल लागतं, आणि लेबलं काढणारं सॉफ्टवेअर त्यांच्याच ऑफिसातल्या सर्व्हरवर चालतं. सकाळी साडेनऊला ऑपरेटरचा फोन आला. "अक्का, सर्व्हर गेला. दोनदा बंद करून चालू केला, तरी येईना. कंटेनर आजच भरायचाय."

"स्क्रीनवर काय लिहिलंय?"

"पाचशे दोन. बॅड गेटवे."

हा आकडा ऐकूनच अर्धं काम होतं. ५०२ म्हणजे दारावरचा माणूस जागेवर आहे, त्याने आत हाक मारली आणि आतून धड उत्तर आलं नाही. ५०४ असता तर आत कुणीतरी आहे पण वेळेत बोलत नाही, असं समजायचं. ५०० असता तर आतलाच माणूस काम करता करता अडखळला. या कारखान्यात दारावर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आहे, त्याच्या आत जावा भाषेत लिहिलेलं लेबलांचं ॲप्लिकेशन, आणि त्याच्याही आत मायएसक्यूएल हा डेटाबेस. मी तिथे पोचल्यावर याच क्रमाने आत शिरले.

एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये एकच ओळ शेकडो वेळा होती : १११, कनेक्शन रिफ्यूज्ड, व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम. नवीन मुलं इथेच थांबतात आणि एन्जिनएक्सची सेटिंग उचकायला लागतात. पण ही ओळ लिहिणारा बिचारा फक्त निरोप्या आहे. आत कुणी दार उघडत नाही एवढंच तो सांगतोय. ॲप्लिकेशनचा लॉग उघडला. चूक झाली की जावा जी दोनशे ओळींची उतरंड लिहितं ती पाहून भले भले घाबरतात. तिथे मी वरून वाचत नाही. 'कॉज्ड बाय' या शब्दांनी सुरू होणारी सगळ्यात खालची ओळ आधी वाचते, कारण मूळ कारण तिथे असतं. तिथेही कनेक्शन रिफ्यूज्डच होतं, फक्त या वेळी नकार डेटाबेसकडून आला होता. म्हणून आणखी आत, मायएसक्यूएलच्या लॉगमध्ये गेले. तिथे लिहिलं होतं : अनेबल टू क्रिएट टेम्पररी फाइल, एरर नंबर २८.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये २८ म्हणजे 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्कवर जागा संपली. ऑपरेटर माझ्या खांद्यावरून बघत होता. मी डिस्क किती भरली ते दाखवणारी डीएफ ही आज्ञा चालवली, तर डिस्क ५८ टक्केच भरलेली. "अक्का, जागा आहे की," तो म्हणाला, आणि तो बरोबरच होता.

मग डीएफला आय लावून पुन्हा चालवलं. १०० टक्के. आयनोड, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची नोंद ठेवायच्या जागा, संपले होते. गोदामात निम्मी जागा मोकळी आहे, पण आवक रजिस्टरची पानं संपली आहेत आणि नोंद केल्याशिवाय गेटवरचा माणूस माल आत घेत नाही, तसा हा प्रकार. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलव्यवस्थेत ते किती असणार हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. वेगळं काही सांगितलं नाही तर दर १६ केबीला एक. त्यांचं पार्टिशन २० जीबीचं होतं, म्हणजे साधारण १३ लाख आयनोड. लेबलचं सॉफ्टवेअर प्रत्येक पेटीसाठी बारकोडच्या चित्राच्या चिमुकल्या फाइली बनवत होतं आणि त्या कधीच पुसत नव्हतं. फाइली लहान, म्हणून जागा फारशी खाल्ली नाही, पण रजिस्टर भरलं.

इथे बरेच जण उठतात, फाइली पुसतात आणि घरी जातात. मला मात्र हे सुरू कधी झालं ते हवं होतं. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये मागे मागे गेले. तो लॉग यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहिला जात होता, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. हे लक्षात नसलं की माणूस सकाळी सातच्या ओळी शोधत बसतो आणि त्या पहाटे दीडच्या नावाने पडलेल्या असतात. १ वाजून ४२ मिनिटांनी पहिली ओळ होती : लेबल लिहिताना, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. म्हणजे आपले ७ वाजून १२ मिनिटं. सातची पाळी सुरू झाली, पॅकिंगवाल्यांनी पहिली लेबलं मागितली आणि शेवटचे आयनोड संपले. त्या वेळी डेटाबेस धडधाकट चालू होता, अडली होती ती फक्त लेबलं. नऊ वाजता ऑपरेटर आला, त्याने सर्व्हर रीस्टार्ट केला, आणि नव्याने उठताना मायएसक्यूएलला जी तात्पुरती फाइल बनवावी लागते ती बनेना. चालू असलेला डेटाबेस तिथे झोपला. त्या मुलाची चूक मी मानत नाही. त्याला तेवढंच शिकवलं होतं. पण बोटाचं दुखणं खांद्यापर्यंत गेलं ते त्या रीस्टार्टमुळे.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी फार भावली. नवी फाइल बनत नसताना लॉग कसा लिहिला गेला? कारण लॉगची फाइल आधीपासून होती. तिला नवा आयनोड नको होता, शेवटी फक्त ओळ जोडायची होती. म्हणून पुरावा शिल्लक राहिला.

फाइली पुसतानाही आरएम आणि स्टार, म्हणजे 'इथलं सगळं पुसा' ही साधी आज्ञा, चालली नाही. लाखो नावं एका आज्ञेत मावत नाहीत, 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' येतं. फाइली एकेक शोधणाऱ्या फाइंड या आज्ञेला डिलीट जोडून आठवड्यापूर्वीच्या सगळ्या फाइली पुसल्या, मग आधी डेटाबेस उठवला, मग ॲप्लिकेशन. कंटेनर दुपारी भरला. जुन्या फाइली रोज रात्री पुसण्याचं काम आता ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनकडे आहे.

उलटं चालत मुळाशी जायची ही रीत मी कॉम्प्युटरवर शिकले नाही. माझे आप्पा चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे मुकादम, होते. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर निघते, भोकं पाडलेल्या कार्डांची माळ वर फिरत असते आणि कुठला धागा उचलायचा ते कार्ड ठरवतं. चादरीत दोष दिसला की आप्पा आधी मागाला हात लावायचे नाहीत. कापड उलगडून जमिनीवर पसरायचे आणि दोष किती वेळा, किती अंतराने आलाय ते बघायचे. एकदाच आला असेल तर धागा तुटला होता. नक्षीच्या प्रत्येक फेरीत त्याच जागी आला असेल तर कार्ड चुकलंय. एका जागेपासून पुढे सरळ उभी रेघ गेली असेल तर हूक किंवा दोरी. मी शाळेतून आले की ते मला कापडाचं दुसरं टोक धरायला लावायचे.

लॉग मी तसाच पसरते. एकदाच आलेली चूक बहुतेकदा नेटवर्कचा झटका असते. दर पंधरा मिनिटांनी ठोक्यावर येत असेल तर मी ॲप्लिकेशन सोडून क्रॉनची यादी उघडते. एका क्षणापासून पुढे सलग येत असेल तर त्या क्षणी काय बदललं ते विचारते : अपडेट, पासवर्ड, संपलेलं सर्टिफिकेट. यावर "काहीच बदललं नाही" असं उत्तर आलं तरी मी ते लिहून घेते आणि तपासते.

मुलांची एक सवय मला मोडावी लागते. ग्रेप ही शब्द शोधणारी आज्ञा लावून फक्त 'एरर' हा शब्द शोधायचा. सिसलॉग या नोंदी लिहिण्याच्या पद्धतीत गंभीरतेच्या आठ पायऱ्या आहेत, शून्य म्हणजे आणीबाणी आणि सात म्हणजे डीबग. एरर तिसऱ्या क्रमांकावर, वॉर्निंग चौथ्या. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी सिसलॉग बनवलं, तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे. पण कामाच्या ओळीत 'एरर' असेलच असं कुठे आहे? एका कारखान्यात मे महिन्यात रोज दुपारी सगळं संथ व्हायचं. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये एकही चूक नव्हती. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत मात्र दोन ते पाचच्या दरम्यान ओळीच ओळी : कोअर टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड, सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड. प्रोसेसर तापत होता आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करत होता. सोलापूरचा मे, पारा ४३ वर, आणि सर्व्हर मागांच्या शेजारच्या केबिनमध्ये. झाकण उघडलं तर पंख्यावर नि हीटसिंकवर कापसाच्या तुसाचा थर, बोटाने सोलून काढण्याइतका जाड. तो काढला आणि सर्व्हर दुसऱ्या खोलीत नेला.

असंच मेमरी संपल्यावर होतं. कर्नल जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारून टाकतो, आणि ती मारण्याची पद्धत अशी की त्या प्रोसेसला शेवटची ओळ लिहायलाही वेळ मिळत नाही. तिचा स्वतःचा लॉग मधेच तुटतो. नोंद कर्नलकडे असते : आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस. 'एरर' शब्द तिथेही नाही. एखादा लॉग असा अचानक गप्प झाला की त्याच मिनिटाच्या कर्नलच्या नोंदी मी लगेच बघते.

मला फोन करणाऱ्यांना मी तीन गोष्टी हात जोडून सांगते. रीस्टार्ट करायच्या आधी लॉगची एक प्रत बाजूला ठेवा. मेसेज जसा दिसतो तसा पूर्ण पाठवा, 'काहीतरी एरर आलाय' याने मला काही कळत नाही. आणि लॉग बाहेर कुणाला देताना त्यातले पासवर्ड, टोकन, ग्राहकांचे नंबर पुसून द्या.

त्या टॉवेलच्या कारखान्यातल्या ऑपरेटरचा गेल्या सोमवारी व्हॉट्सॲप आला. "अक्का, ५०४ येतंय. पहिली ओळ यूटीसी ३:५५, आपले ९:२५. डेटाबेस चालू आहे. आयनोड २१ टक्के. रीस्टार्ट केलेलं नाही. लॉगची कॉपी पाठवतोय." मी गाडी सात रस्ता चौकात बाजूला घेतली आणि त्याला तिथूनच फोन लावला.