शाबीत कोणी करायचं?

आज दुपारी एका फौजदारी खटल्याचं मराठी निकालपत्र शेवटपर्यंत वाचलं. सुरुवातीला दोन रकान्यांचा तक्ता: डावीकडे मुद्दे, उजवीकडे निष्कर्ष. पहिला मुद्दा बहुतेक निकालपत्रांत याच घाटाचा असतो. ‘सरकार पक्ष हे शाबीत करतो काय, की आरोपीने अमुक दिवशी अमुक ठिकाणी...’ आणि समोर एकच शब्द, ‘होकारार्थी’ किंवा ‘नकारार्थी’. सगळ्यांत खाली ‘आदेश काय?’ आणि त्यापुढे ‘अंतिम आदेशाप्रमाणे’. भाषा कोरडी, वाक्यं लांबलचक, पण त्या पहिल्या मुद्द्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘आरोपीने हे केलं का?’ असं तिथे विचारलेलंच नाही. प्रश्न सरकार पक्षाला आहे. आरोपी गप्प राहू शकतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. अपवाद आहेत. हुंडाबळीच्या खटल्यात ठरावीक गोष्टी सिद्ध झाल्या की न्यायालय आरोपीविरुद्ध गृहीत धरतं. पण त्या ठरावीक गोष्टी आधी सरकार पक्षालाच दाखवाव्या लागतात.

घरीदारी आपण उलटं करतो. आळ येतो, किटाळ येतं, बालंट येतं. आणलं कोणी, हे त्या वाक्यात कुठेच दिसत नाही, आणि ज्याच्यावर आलं त्यानेच ते निस्तरायचं. स्यमंतक मण्याची गोष्ट तशीच आहे. कृष्णावर चोरीचा आळ आला तेव्हा सत्राजिताकडे कोणी पुरावा मागितला नाही. रानात माग काढत कृष्णालाच जावं लागलं, गुहेत शिरून जांबवंताशी झुंजावं लागलं, मणी आणून भर सभेत परत करावा लागला. तेव्हा कुठे किटाळ गेलं. कृष्ण होता म्हणून निभावलं. ज्याला त्या गुहेपर्यंत पोचताच येत नाही, त्याने काय करायचं?

खापर फोडणं, ठपका ठेवणं, बोल लावणं यांत निदान करणारा तरी दिसतो. बोल त्यातल्या त्यात सौम्य, नशिबालाही लावता येतो. ठपक्याचं मात्र वेगळं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये ‘ठपका ठेवणे’ ही किरकोळ का होईना, शिक्षाच आहे. ती देण्याआधी कर्मचाऱ्याला त्याच्यावरचे आरोप लेखी कळवावे लागतात, त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. बातम्यांत मात्र चौकशी समितीचा अहवाल आला की ‘अमुकवर ठपका’ असा मथळा पडतो. समितीने फक्त आपलं मत दिलेलं असतं आणि वाचणाऱ्याच्या मनात तो माणूस शिक्षा भोगूनही मोकळा झालेला असतो.

याची मला खरोखर चीड येते. अटकेच्या दिवशी ‘संशयित’, दुसऱ्या दिवशी ‘आरोपी’, आणि आठवडाभरात चहा पिता पिता ‘तो गुन्हेगार’. मधलं सगळं, म्हणजे आरोपपत्र, आरोप निश्चिती, साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद, एका दमात गिळलेलं. न्यायालय एवढं सगळं पार पाडून दोषी ठरवतं आणि तिथेही लगेच शिक्षा सुनावत नाही. सत्र खटल्यात दोषी ठरवल्यावर न्यायाधीशाला शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. 1973 च्या दंड प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. दोषी ठरलेल्या माणसालाही बोलू द्यायचं, घरची परिस्थिती, वय, आजार सांगू द्यायचं, हे मला फार मोठं वाटतं.

स्कॉटलंडमध्ये शतकानुशतकं तीन निकाल होते: दोषी, निर्दोष आणि ‘सिद्ध झालं नाही’. तिसरा निकाल मिळालेला माणूस कायद्याने पूर्ण मोकळा असे, पण संशय त्याच्यामागे राहायचाच. 2025 मध्ये तिथल्या संसदेने तो रद्द करण्याचा कायदा मंजूर केला. आपल्या कायद्यात हा तिसरा निकाल नाही, पण लोकांच्या तोंडी तो पक्का आहे: ‘पुराव्याअभावी सुटला.’ निकालपत्रात निर्दोष मुक्तता लिहिलेली असली तरी हेच ऐकू येतं. तो माणूस नोकरी मागायला जातो, घर भाड्याने बघतो, मुलीचं स्थळ घेऊन जातो, आणि समोरचा विचारतो, ‘पण मग तुमचं नाव आलंच कसं?’ ज्याने ते नाव घेतलं होतं त्याला कुणी जाऊन हे विचारल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.