आजींचा पाय आणि चौदा मिलिमीटर

पार्ल्यातल्या त्या जुन्या बंगल्याचं परस जोत्यापेक्षा दोन फूट खाली आहे. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की चार पायऱ्या, मग शहाबादी फरशा आणि पलीकडे आंबा. आजींचा खुबा मोडल्यापासून त्या चार पायऱ्या त्यांना बंद झाल्या होत्या. दारात खुर्ची टाकून त्या आंब्याकडे बघत बसायच्या. त्यांच्या मुलाने मला बोलावलं ते एवढ्यासाठीच. उंबऱ्याच्या पातळीवर लाकडी डेक हवा होता, थेट आंब्याखाली जाणारा. वॉकर घेऊन आईला कुणाच्या आधाराशिवाय बाहेर जाता आलं पाहिजे, असं ते म्हणाले.

माप ठरलं अठरा फूट लांब आणि घरापासून आंब्याकडे बारा फूट. जुन्या वीटभिंतीला काही ठोकायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, त्यामुळे घराच्या बाजूलाही स्वतंत्र खांब आणि त्यावर बीम. दुसरा बीम आंब्याच्या बाजूला. या दोन बीमवर कड्या, म्हणजे फळ्यांना खालून पेलणारी लांब लाकडं टाकायची आणि कड्यांवर आडव्या फळ्या.

अशा सांगाड्याचा हिशेब मी वरून खाली करते. आधी फळी. एक इंच जाडीची सागाची फळी सोळा इंचांच्या अंतरावर टेकवली तर पायाखाली लवत नाही, म्हणून कड्या सोळा इंचांवर. घरातल्या सुनेला फळ्या तिरप्या, पंचेचाळीस अंशांत हव्या होत्या. दिसायला त्या फारच छान दिसल्या असत्या. पण तिरपी फळी दोन कड्यांमधून जाते तेव्हा सोळा इंचांचं अंतर तिच्या अंगाने साडेबावीस इंच होतं. मग कड्या बारा इंचांवर आणाव्या लागतात, म्हणजे लाकूड तिसऱ्या हिश्श्याने वाढतं. त्यांना कागदावर रेघा ओढून दाखवल्या, त्यांनी लगेच सरळ फळ्यांना होकार दिला.

मग कडीचं माप. दोन-सात घ्यायची असं मी काढलं, दोन इंच रुंद आणि सात इंच उभी. लाकूड बघायला मिस्त्रींना घेऊन रे रोडच्या वखारीत गेले. तिथे पाडलेल्या चाळीतून आलेल्या तीन-पाचच्या कड्या रचून ठेवल्या होत्या. जुना बर्मा साग, खिळ्यांची भोकं सोडली तर एकही दोष नाही. हात फिरवला तर अजून तेल जाणवत होतं. वखारवाले म्हणाले, "ताई, दोन-सातपेक्षा यात लाकूड जास्त आहे, भाव मी जमवून देतो." लाकूड खरंच जास्त होतं. तीन-पाच म्हणजे पंधरा चौरस इंच, दोन-सात म्हणजे चौदाच. पण कडी किती लवेल हे उंचीच्या घनावर ठरतं. पाचाचा घन सव्वाशे, तिनाने गुणला की पावणेचारशे. साताचा घन तीनशे त्रेचाळीस, दोनाने गुणला की सहाशे शहाऐंशी. एक चौरस इंच कमी लाकडात जवळजवळ दुप्पट ताठपणा मिळतो. असा साग सोडून यायचं जिवावर आलं, पण बारा फुटांच्या गाळ्याला, म्हणजे दोन बीममधल्या मोकळ्या अंतराला, तो पुरला नसता.

परतताना मिस्त्री म्हणाले, "मधे एक बहाल टाका, ताई. बारा फूट मोकळं ठेवू नका." बहाल म्हणजे बीमच. ते चाळीस वर्षं लाकडात आहेत, वडील कोकणात घरं बांधायचे. मी त्यांना हिशेब दाखवला. बाल्कनीसाठी धरतात तो चौरस मीटरला तीनशे किलोचा भार, वर लाकडाचं वजन. एवढ्या भाराखाली कडी मध्यावर चौदा मिलिमीटर लवते. लांबीच्या दोनशेचाळिसाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे पंधरा मिलिमीटरपर्यंत चालतं. ताकदीच्या बाजूनेही मोकळीक होती. शिवाय मधला बीम म्हणजे आणखी चार खड्डे, तेही आंब्याच्या मुळांत. मिस्त्री काही बोलले नाहीत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सांगाडा उभा राहिला. पंधरा कड्या, ओळंब्यात, पाणसळीत. शनिवारी सकाळी फळ्या नुसत्या मांडून ठेवल्या होत्या, ठोकायच्या बाकी होत्या. आजी दारात आल्या आणि म्हणाल्या, "येऊ का?" मुलगा एका बाजूला, मी दुसऱ्या. पहिली तीन-चार पावलं उत्तम पडली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझा घसा दाटला. दीड वर्षाने त्या घराच्या मागच्या बाजूला उघड्यावर आल्या होत्या.

मध्यावर पोचल्या आणि तेवढ्यात नातू मागून धावत आला. आजी जागच्या जागी थिजल्या. वॉकर इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

"हे हलतंय."

मुलगा म्हणाला, "आई, काही नाही गं, लाकूड आहे ते."

"तुला नाही कळणार. पडले तेव्हाही आधी असंच पायाखालचं हललं होतं. मला आत ने."

त्यांना आत नेलं. मी बाहेर येऊन मध्यावर उभी राहिले आणि नातवाला पुन्हा धावायला सांगितलं. हललं. थोडंसंच, माझ्यासारख्या धडधाकट माणसाच्या लक्षातही आलं नसतं. फळ्या ठोकल्या आणि कड्यांच्या मधे आडवे ठोकळे बसवले की कमी होईल, असं मी मिस्त्रींना म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. ठोकळे एका कडीवरचा भार शेजारच्या कड्यांना वाटून देतात. कडीचा गाळा मात्र बाराच फूट राहतो.

मिस्त्रींनी मध्यावर टाच आपटली, एकदाच, आणि माझ्याकडे बघितलं. मला तेवढं पुरलं. ते आधी बोलले होते आणि मी त्यांना कागद दाखवला होता. कागद खोटा नव्हता. पण मी त्याला विचारलं होतं की हे मोडेल का, फार वाकेल का. पाय घाबरलेल्या माणसाला काय जाणवेल, हे मी विचारलंच नव्हतं.

त्याच दुपारी परसातच बसून पुन्हा मांडणी केली. कड्या बदलून दोन-आठ घेतल्या तर चौदाचे साडेनऊ मिलिमीटर होतात, पण आणलेलं सगळं लाकूड वाया. कड्या दुप्पट केल्या, आठ इंचांवर आणल्या, तर सात मिलिमीटर. आणि मधे बीम टाकला तर? लवणं गाळ्याच्या चौथ्या घाताने बदलतं. गाळा अर्धा केला की लवणं सोळाव्या हिश्श्यावर येतं, आणि कडी मधल्या बीमवरून अखंड गेली तर त्याहूनही कमी. आजवर कितीदा वापरलेलं सूत्र, पण त्या दिवशी ते माझ्यासाठी नव्याने खरं झालं.

सहा फुटांच्या रेषेवर खणायला घेतलं. दीड फुटावर दुसऱ्या खड्ड्यात मनगटाएवढं मूळ लागलं. एका मजुराने कुऱ्हाडीला हात घातला, मी थांबवलं. ज्या झाडाखाली जायला आजी तळमळत होत्या त्याचं मूळ तोडून डेक करायचा नव्हता. मिस्त्री म्हणाले, "घराकडे सरकू फूटभर." म्हणजे एका बाजूला पाच फूट, दुसऱ्या बाजूला सात. सात फुटांचं गणित तिथेच केलं. पूर्ण भाराखाली चौदाचे साधारण दीड मिलिमीटर. चार खड्डे, काँक्रीटचे चौथरे जमिनीच्या वर सहा इंच, कारण वाळवी आणि पार्ल्याचं पावसाळी पाणी. त्यावर खांबाचा पाय धरणारे लोखंडी बूट, मग खांब, आणि खांबांवर चार-सहाचा बीम. त्या एका बीमच्या लाकडाचा खर्च कड्या बदलण्याच्या निम्म्याहूनही कमी आला. बूट आणि मजुरीचे पैसे मी मागितले नाहीत, चूक माझी होती.

बुधवारी फळ्या ठोकून झाल्या. स्टेनलेसचे स्क्रू, फळ्यांमधे दोन सूत फट. कापलेल्या प्रत्येक टोकाला मिस्त्रींनी स्वतः तेल पाजलं, कारण पाणी टोकातूनच जास्त आत शिरतं. संध्याकाळी आजींना विचारलं. त्या लगेच उठल्या नाहीत. आधी म्हणाल्या, "त्याला धावू दे." नातू तीनदा इकडून तिकडे धावला. आजी दारात उभ्या राहून त्याच्या पायांकडे बघत होत्या. मग वॉकर उंबऱ्यापलीकडे टाकला, मध्यापर्यंत आल्या, थांबल्या, आणि वॉकरचा पाय फळीवर दोनदा आपटला. मिस्त्री टाच आपटतात अगदी तसा.

"आता ठीक आहे," त्या म्हणाल्या. पुढची सहा फुटं चालून आंब्याच्या बुंध्याला हात लावला आणि तशाच बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि जूनमध्ये शेवाळ धरलं की गं?"

मी त्यांच्या शेजारी उभी राहून सांगायला लागले की फळीवर खाचा पाडल्या तर आपल्याकडे त्यांतच शेवाळ बसतं, त्यापेक्षा सपाट फळी बरी, आठवड्याला ताठ खराट्याने घासायची. आजींनी नातवाला हाक मारली आणि खराटा कुठे ठेवलाय ते विचारलं.