कटशिन ओढ्याच्या वाटेवरचे ग्रंथालय

लेक्सिंग्टनहून निघून हॅझर्डमार्गे हायडनला पोहोचेपर्यंत अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेकडचे डोंगर इतके जवळ येतात की दरीत ओढा आणि रस्ता यांपलीकडे तिसऱ्या गोष्टीला जागाच उरत नाही. लेस्ली काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, हे मुख्य गाव लहान आहे. मी तिथे गेलो तो, भिंतींपेक्षा घोड्यांच्या पाठीवर अधिक उभ्या राहिलेल्या एका ग्रंथालयाची भूमी पाहण्यासाठी.

महामंदीच्या काळात, १९३४ साली, या काउंटीत लोककेंद्र चालवणाऱ्या एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने आपला ग्रंथसंग्रह देऊ केला. अट एवढीच की, पुस्तके घरोघर पोहोचवणाऱ्या माणसांचा पगार सरकारी मदतनिधीतून मिळावा. पुढे बेरोजगारांना काम देणाऱ्या वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी यंत्रणेने ही योजना डोंगरी काउंट्यांत वाढवली. याच यंत्रणेच्या पैशातून देशभर रस्ते, पूल आणि शाळा बांधल्या जात होत्या. इथे मात्र निधी होता तो केवळ वेतनापुरता, महिना सुमारे २८ डॉलर. खोली गावाने द्यायची, मग ती चर्चमधली असो वा टपाल कचेरीतली. पुस्तके देणगीतून मिळवायची आणि घोडा किंवा खेचर पुस्तके घेऊन फिरणाऱ्या ग्रंथपाल बाईंनी स्वतःचे आणायचे, नसेल तर भाड्याने घ्यायचे. या योजनेचे मोठेपण मला याच विभागणीत दिसते, कारण सरकारने पगार दिला तरी ग्रंथालय उभे करण्याचा भार गावानेच उचलला.

दान आलेली पुस्तके जुनी असत आणि हाताळून लवकरच फाटत. बायका त्यांतली शाबूत पाने आणि चित्रे कापून चिकटवह्या तयार करीत. त्यांत पाककृती आणि गोधड्यांचे नमुनेही असत, आणि एका वस्तीतली वही दुसऱ्या वस्तीत फिरे. नाताळची जुनी शुभेच्छापत्रे खुणेसाठी पुस्तकात घातली जात. (आपल्या बडोद्यात सयाजीरावांच्या कारकिर्दीत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत, त्यांची इथे आठवण होणे स्वाभाविकच होते.)

दुपारी मी कटशिन ओढ्याकाठी गेलो. ‘नडगी कापणारा’ असा अर्थ निघणारे ते नाव तिथल्या धारदार दगडांकडे पाहून पटते. आज काठाने डांबरी रस्ता जातो. त्या काळी अनेक ठिकाणी ओढ्याचे पात्र हीच वाट होती. हिवाळ्यात, गोठलेल्या पाण्यातून, आठवड्याला शंभर मैलांच्या आसपास फेरी करणाऱ्या या स्त्रिया पायऱ्या चढून दारात आल्यावर वाचता न येणाऱ्यांना स्वतः वाचून दाखवीत, हे मला फार मोलाचे वाटते.

१९४३ साली निधी बंद झाला आणि पगारासोबत फेऱ्याही थांबल्या. या डोंगरांत पुस्तकांच्या मोटारी नियमितपणे फिरू लागायला १९५० चे दशक उजाडावे लागले.