भाड्यासाठी फ्लॅट बघताना

आज भाचीबरोबर रत्नागिरीत वन बीएचके बघून आले. भाड्याने द्यायला घर घेण्याची तिची पहिलीच वेळ. एजंट महिन्याच्या भाड्याचा आकडा सांगत होता आणि ही खिडकीच्या गजावर नख घासत होती. रंगाखालून गंजाचे पापुद्रे सुटले. खाऱ्या वाऱ्यात हे होणारच, पण तो खर्च आधीच धरायला हवा. भिंतीची ओल बघायला भर पावसात परत यायचं तिने ठरवलं. फार बरं वाटलं मला!

भाडं गुणिले बारा म्हणजे उत्पन्न नव्हे. मेंटेनन्स, घरपट्टी, मधले रिकामे महिने वजा करा. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतलं जाणारं) असतंच, मात्र ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही.

आणि कृपा करून करार नोंदवा. आपल्याकडे ओळखीवर, शब्दावर घर देतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलीय. ती नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरतात.

भाची आता सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून आधीच्या मालकाची थकबाकी विचारणार आहे.