कोल्हापूर विमानतळाची शीट: रूट, सीट्स आणि प्रवासी, नवा अपडेट

मंडळी, कोल्हापूरच्या विमानांची माझी शीट, म्हणजे महिनावार आकड्यांचा तक्ता, आता बऱ्यापैकी आकाराला आलीय म्हणून हा अपडेट. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूर विमानतळावर, २०१८ पासून कुठली विमान कंपनी कधी आली, कुठल्या रूटवर आली आणि कुठलं विमान घेऊन आली, ही टाइमलाइन बऱ्यापैकी लागलीय, आणि तिच्या शेजारी मी एक नवा कॉलम टाकलाय, सीट्सचा. म्हणजे त्या महिन्यात त्या रूटवर जाऊन-येऊन एकूण किती सीट उडाल्या. हा कॉलम लावल्यापासून आधीचे सगळे आकडे वेगळेच दिसायला लागलेत आणि खरं सांगायचं तर याच्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

आधी पद्धत सांगतो, कारण नवीन लोक विचारतात. एअरपोर्ट्स ऑथॉरिटी दर महिन्याला सगळ्या विमानतळांचे आकडे काढते, त्यात कोल्हापूरची एक ओळ असते, प्रवासी आणि विमानांच्या फेऱ्या. यातला प्रवासी म्हणजे उतरलेले अधिक चढलेले, दोन्ही मिळून. त्यामुळे एखादा माणूस मुंबईला जाऊन परत आला की कोल्हापूरच्या खात्यात तो दोनदा मोजला जातो आणि मुंबईच्या खात्यातपण दोनदा. विमानाचंही तेच, एक लँडिंग आणि एक टेकऑफ मिळून दोन फेऱ्या. ही एकच ओळ बघून रूटवाइज काही कळत नाही, त्यासाठी डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) शहराच्या जोड्यांचे मासिक तक्ते घ्यायचे, त्यात कोल्हापूर-हैदराबाद, कोल्हापूर-अहमदाबाद असे जाणारे-येणारे वेगवेगळे मिळतात. एकातून बेरीज आणि दुसऱ्यातून फोड, दोन्ही जवळ ठेवलं की काम होतं. आणि वेळापत्रक बदलायचे दोन ठरलेले मुहूर्त असतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी, त्या दोन तारखांना शीटमध्ये मी जाड रेघ मारलीय, कारण आकड्यातल्या बऱ्याच उड्या त्या रेघेवरच सापडतात.

आता टाइमलाइन. विमानतळ १९३९ चा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, पण माझी शीट मुद्दाम उडानपासून, म्हणजे छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या सरकारी योजनेपासून, सुरू होते. किंगफिशरचं मुंबईचं एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) २०११ मध्ये बंद झालं आणि मग कितीतरी वर्षं इथं नियमित प्रवासी विमान असं नव्हतंच, धावपट्टी होती, टर्मिनल होतं, फक्त विमान नव्हतं. एप्रिल २०१८ मध्ये उडानखाली एअर डेक्कन १९ सीटर बीचक्राफ्ट घेऊन मुंबईसाठी आली, ती सेवा काही टिकली नाही, पण बंद पडलेलं कुलूप उघडलं ते तिनं, म्हणून शीटची पहिली ओळ तिचीच ठेवलीय. खरी गाडी रुळावर आली डिसेंबर २०१८ मध्ये, अलायन्स एअरनं हैदराबाद-कोल्हापूर-बेंगळुरू सुरू केलं तेव्हा, ७० सीटचं एटीआर. मग मे २०१९ मध्ये इंडिगो आली हैदराबाद आणि तिरुपती घेऊन, त्याच वर्षी ट्रूजेट मुंबईसाठी आली, फेब्रुवारी २०२१ मध्ये इंडिगोचं अहमदाबाद, ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरचं मुंबई, जानेवारी २०२३ मध्ये इंडिगोचं बेंगळुरू. मध्ये २५ मार्च ते २४ मे २०२० देशभरातलीच विमानं बंद, म्हणून एप्रिल २०२० ची ओळ कोरी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या ओळींपुढे शेऱ्यात 'महापूर' लिहिलंय, शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं, त्या महिन्यांचे आकडे इतर महिन्यांशी तोलूच नयेत असं माझं मत आहे.

यातलं तिरुपती मला सगळ्यात आवडतं, जरा थांबून सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं की कोल्हापूरचे लोक बालाजीला जातात म्हणून हा रूट. तेवढंच नाहीये. बालाजीचं दर्शन घेतलं की कोल्हापूरला येऊन अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, तेव्हा यात्रा पुरी होते, असं मानणारे भाविक आंध्र-तेलंगणातून वर्षभर येत असतात. रेल्वेनं हे कधीच ओळखलंय, तिरुपती-कोल्हापूर हरिप्रिया एक्सप्रेस काय उगाच चालते का. म्हणजे या रूटला दोन्ही टोकांना मागणी आहे, इकडून जाणारे वेगळे आणि तिकडून येणारे वेगळे, आणि छोट्या विमानतळाला असा दोन्हीकडून भरणारा रूट मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. बहुतेक छोट्या गावांचं दुखणं हेच असतं की सकाळी गावाकडून जाणारं विमान भरतं आणि येताना अर्धं रिकामं येतं. अहमदाबादचंही तसंच, इचलकरंजीचं कापड, हुपरीची चांदी, इथला गुजराती आणि जैन व्यापारी वर्ग, या सगळ्यांचं येणं-जाणं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, विमान फक्त उशिरा आलं. बेंगळुरूला आपली आयटीतली पोरं, आणि फौंड्रीवाल्यांचं काम. हैदराबाद मात्र मी वेगळ्या रंगात ठेवलंय, कारण तिथं बरेच जण हैदराबादला जातच नाहीत, तिथून पुढचं विमान पकडतात.

आता सीट्सच्या कॉलमकडे येतो. हिशोब सोपा आहे. ७० सीटचं एटीआर रोज जाऊन-येऊन, ३० दिवसांचा महिना धरला तर ४,२०० सीट. इंडिगोच्या ७८ सीटच्या एटीआरला ४,६८०. स्टार एअरच्या ५० सीटच्या एम्ब्रेअरनं आठवड्यातून तीन दिवस उडायचं म्हटलं की महिन्याला जेमतेम १३ दिवस भरतात, म्हणजे १,३०० सीट. संपल्या. कोल्हापुरातून मुंबईला जायची कितीही लोकांची इच्छा असली, महालक्ष्मी एक्सप्रेस भरून वाहत असली, स्लीपर कोचच्या रांगा लागल्या असल्या, तरी त्या रूटवर महिन्याला १,३०१ वा प्रवासी दिसणं शक्यच नाही. तेच विमान ७६ सीटचं केलं आणि रोज उडवलं तर ४,५६०, साडेतीन पट. मग एखाद्या बातमीत येणार की मुंबईचे प्रवासी साडेतीन पट वाढले. अहो लोक तेच आहेत, आधी त्यांना बसायलाच जागा नव्हती!

म्हणून माझं ठाम मत असं झालंय की छोट्या विमानतळाचा प्रवासी आकडा एकटा वाचायचाच नाही. तो मागणी सांगत नाही, सीट किती होत्या ते सांगतो. प्रवासी भागिले सीट करा, मग कळतं रूट जिवंत आहे की ओढून चाललाय. सीट कमी होऊन प्रवासी कमी झाले आणि टक्केवारी तशीच राहिली तर रूटला काही झालेलं नाही, विमान दुसरीकडे वळवलंय एवढंच. पण सीट तेवढ्याच आणि प्रवासी उतरतायत, तर मग काळजी. या दोन्ही गोष्टी नुसत्या प्रवाशांच्या आकड्यात सारख्याच दिसतात आणि लोक लगेच 'कोल्हापूरला प्रतिसाद नाही' म्हणून मोकळे होतात, ते वाचलं की मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा कॉलम सुरू केलाय तो उडानच्या मुदतीचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उडानमध्ये कंपनीला रूट मिळाला की तीन वर्षं तोट्याची भरपाई मिळते आणि तीन वर्षं त्या रूटवर तिचा एकटीचा हक्क असतो. बदल्यात निम्म्या सीट सरकारी मर्यादेच्या दरात द्यायच्या, कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४०. सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला साधारण २,५०० रुपये धरले होते. म्हणजे ५० सीटच्या विमानात २५ स्वस्त, ७८ च्या विमानात ३९. तीन वर्षं संपली की भरपाई थांबते आणि कंपनी नव्यानं हिशोब मांडते. त्यामुळे प्रत्येक रूटच्या सुरुवातीच्या तारखेत तीन वर्षं मिळवून मी पुढे एक लाल खूण केलीय. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचं बघा, ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई-सिंधुदुर्ग सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ ला, बरोब्बर तीन वर्षांनी, अलायन्सचं ते विमान थांबलं. कोकणात मुंबईला जाणारे कमी झाले का? गणपतीच्या आठवड्यात हायवेवर जाऊन उभं राहा, उत्तर मिळेल.

आणि बेळगावचं प्रकरण तर प्रत्येक हौशी माणसानं अभ्यासावं असं आहे. तिथं २,३०० मीटरची धावपट्टी, सप्टेंबर २०१७ मध्ये नवं टर्मिनल, विमानंही चांगली चालली होती. मग मे २०१८ मध्ये हुबळीला उडानचा लाभ लागू झाला आणि स्पाइसजेटनं आपली विमानं बेळगावातून उचलून हुबळीला नेली, बेळगाव ओस. नंतर उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावलाच एकदम पुष्कळ रूट मिळाले आणि ते पुन्हा गजबजलं. या सगळ्यात बेळगावचा माणूस बदलला नव्हता, त्याचा व्यापार बदलला नव्हता, बदललं ते फक्त कुठल्या शहराला भरपाई मिळते तेवढंच. शेजारी म्हणून बेळगावची शीट मी कोल्हापूरच्या खालीच लावलीय, सांगली-इचलकरंजी-निपाणीचा माणूस दोन्हीकडे जाऊ शकतो ना, एका ठिकाणी रूट बंद झाला की दुसरीकडे काही महिन्यांनी हालचाल दिसते का, ते बघायचंय.

धावपट्टीबद्दल थोडक्यात. १,३७० मीटरची १,९३० झाली, एटीआर आणि एम्ब्रेअरला पुरते, एअरबसवाल्यांना नाही. पुढचं टार्गेट २,३०० मीटर, तेवढी झाली की बेळगावच्या बरोबरीला आलो. १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, काळ्या दगडाच्या कमानींचं, दिसायला खरोखर देखणं आहे, आपल्या गावाला शोभतं. पण टर्मिनलनं सीट वाढत नाहीत, सीट वाढतात विमानानं आणि विमान येतं धावपट्टी आणि स्लॉट (उतरायची-सुटायची ठरवून दिलेली वेळ) बघून.

स्लॉट म्हणजे मुंबईचं खरं दुखणं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी वापर एकीचाच. तिथं ५० सीटच्या विमानाला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढाच १८० सीटच्या विमानाला, मग सकाळी आठचा स्लॉट कोल्हापूरला कोण देणार? आणि स्लॉट दुपारचा मिळाला की एका दिवसात काम करून परत येणं जमत नाही, मग धंदेवाला माणूस रात्रीची गाडीच पकडतो. म्हणून नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं तेव्हापासून माझे डोळे तिकडे लागलेत. ज्याचं काम वाशी-बेलापूर-पनवेलकडे आहे त्याला तर ते जास्तच सोयीचं, आणि अटल सेतूवरून दक्षिण मुंबईही लांब नाही.

पुढचं काम ठरवलंय. एक, प्रत्येक रूटपुढे सुटायची वेळ लिहायची, सकाळ, दुपार की संध्याकाळ, आणि ती टक्केवारीशी जोडून बघायची. दोन, जून ते सप्टेंबरच्या रद्द फेऱ्या वेगळ्या काढायच्या, खराब हवामानात विमान उतरलंच नाही तर सीट कागदावर असते आणि प्रत्यक्षात नसते, त्यामुळे पावसाळ्यातली टक्केवारी सध्या उगाच कमी दिसतेय. तीन, पुण्याच्या वंदे भारतची ओळ, सप्टेंबर २०२४ पासून, कारण काही लोक पुण्याला जाऊन तिथून विमान पकडतात आणि ते आपल्या आकड्यात कुठंच येत नाहीत. जळगाव, नांदेड, सोलापूर कुणी करत असेल तर कॉलमची नावं हीच ठेवा, तारीख, रूट, विमान, सीट, फेऱ्या, प्रवासी, मुदत, शेरा, म्हणजे नंतर सगळ्या शीट एकाखाली एक जोडता येतील. सोलापूरवाल्यांनी तर आत्ताच सुरू करावं, तिथली सेवा जून २०२५ ची, पहिल्या महिन्यापासूनची नोंद हातात असणारं ते आपल्यातलं एकमेव विमानतळ होईल.